चार डबे, मूठभर पाला



परसबागेचा विषय काढला की आपल्या वस्तीतून ठरलेले उत्तर येते, "इथे पाय पसरायला जागा नाही, बाग कुठे करता?" उत्तर खरे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात. परंतु बाग म्हणजे बंगल्यापुढची हिरवळ, ही समजूत आधी डोक्यातून काढली पाहिजे. खिडकीची जाळी, चाळीची गॅलरी, दारापुढची पायरी, मोरीमागचा हातभर तुकडा, एवढ्यात चार डबे सहज मावतात.

मी कारकून माणूस. हिशोब लागल्याशिवाय मला पटत नाही. चार डब्यांत घरची सगळी भाजी पिकणार नाही, हे प्रथमच सांगतो. कोबी, बटाटा, कांदा यांच्या नादी लागू नये. जागा जास्त खातात आणि हाती थोडे येते. जे रोज थोडे-थोडे लागते, खुडले की पुन्हा फुटते आणि ताजेच चांगले लागते, तेच लावावे.

हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५४ महिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आपल्या घरात काय होते? भाजी महाग झाली की जुडी लहान होते आणि सर्वांना वाढून शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात भाकरी नि पातळ कालवण उरते. म्हणून पहिला डबा शेवग्याचा.

शेवग्याच्या शेंगा आपण खातो, पाला मात्र टाकून देतो. त्या पाल्यात लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व भरपूर असते. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात बी लावावे, आठ-दहा दिवसांत उगवते. रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फांद्या फुटून पाला वाढतो. डाळीत, थालीपिठात मूठभर घालावा. वर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह वाया जाते. मात्र ज्या भगिनीला धाप लागते, चक्कर येते, तिने रक्त तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. पाला गोळीची जागा घेत नाही.

दुसरा डबा मेथी-पालकाचा. दोन्ही महिनाभरात काढणीला येतात. पालक मुळासकट उपटू नये, बाहेरची पाने खुडत राहावे. तिसरा कोथिंबिरीचा. धने हलके रगडून दोन फाका कराव्यात आणि मगच पेरावे. चौथ्यात टोमॅटो किंवा मिरची. त्यांना पाच-सहा तास ऊन हवे, पालेभाजीला तीन-चार तासांतही भागते. मोरीमागे ओल असेल तर अळूचा एक कंद पुरवा. वंदनेच्या फुलांसाठी एखाद्या कुंडीत मोगरा लावला, तर दर पौर्णिमेला बाजारात जावे लागणार नाही.

डब्याच्या तळाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडावीत, नाहीतर मुळे कुजतात. रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी वापरू नये. तळाला विटांचे तुकडे, वर दोन वाटे माती आणि एक वाटा कुजलेले शेणखत भरावे. भाज्यांची देठे-साले वेगळ्या डब्यात सुक्या पाल्याच्या थरात कुजवली, की दोन-तीन महिन्यांत घरचे खत तयार होते. मावा पडला तर ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी आणि ते पाणी गाळून फवारावे. गॅलरीतला डबा तारेने घट्ट बांधा. खाली लेकरे खेळतात.

डब्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडते. आठवड्यातून एकदा ताटली पुसून कोरडी करावी.

राहिला पाण्याचा प्रश्न. नळ तासभर येतो आणि हंडे बायकाच वाहतात. त्यात बागेचा एक हंडा वाढवून तिच्याच डोक्यावर दिला, तर आपण तिचे रक्त वाढवायला निघालो की आटवायला? तांदूळ-भाजी धुतलेले पाणी बादलीत साठवा. पालेभाजीला तेवढे पुरते. आणि ते पाणी घालायचे काम नवऱ्याने नि मुलांनी वाटून घ्यावे. बंधूंनो, सकाळी वर्तमानपत्र उघडण्याआधी दोन तांबे पाणी घातले, तर आपला मोठेपणा कमी होत नाही.

येत्या रविवारी एक डबा धुऊन भोके पाडा, एवढेच सध्या करा. बी शेजाऱ्याकडून मागा आणि आपले झाले की त्याला द्या. आणि पहिला पाला खुडाल, त्याची भाजी आधी घरातल्या बाईच्या ताटात वाढा.