मुक्या जिवाला मुकं करणं

आमच्या गल्लीत एक कुत्रा दिवसभर गच्चीवर बांधलेला असतो. साखळी जेमतेम दोन हात, सावली नाही, पाण्याचं भांडं दुपारी बाराला कोरडं. रात्री तो भुंकतो. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "ऑपरेशन करून त्याचा आवाजच बंद करून टाका की!"

काकूंची झोप मोडते, तक्रार खोटी नाही. पण या शस्त्रक्रियेत स्वरतंतू कापतात, भुंकण्याचं कारण तसंच राहतं. कुत्रा भुंकतोच, फक्त घोगरा, खरखरीत. पुढे घशात व्रणाची ऊती वाढून श्वासही अडू शकतो. पाळीव प्राण्यांविषयीच्या १९८७च्या युरोपीय करारात कान-शेपूट कापण्यासोबत हेही निषिद्ध आहे. आपल्या राज्यघटनेतलं कलम ५१-अ तर भूतदयेला प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य मानतं. जनावरांना आपण 'मुका जीव' म्हणतो. त्यातला जो स्वतःचं दुखणं ओरडून सांगू शकतो, त्याचाही गळा कापायचा?

काल मी त्या घरी गेलो. मालक ओशाळले. साखळी सोडली, गच्चीवर पत्रा टाकायचं ठरलं. आज पहाटे ते त्याला गावाजवळच्या आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीच्या वाटेने फिरवताना दिसले.