घसरते चाक

गेल्या श्रावणात आईला घेऊन भीमाशंकरला निघालो. घोडेगावला एस.टी. चुकली, म्हणून रिक्षा केली. रिक्षा म्हणजे तरी काय, छत घातलेली तिचाकी मोटारसायकलच!

डिंभ्याचे धरण मागे पडले, वळणावळणाचा चढ लागला, पाऊस होताच. एका वळणावर डावे चाक चिखलात गेले आणि जागच्या जागी गरगरू लागले. उजवे मात्र ढिम्म.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावे लागते, म्हणून मागची दोन्ही चाके वेगवेगळी फिरू देणारी 'डिफरन्शियल' नावाची योजना असते. तिचा दोष एवढाच, की एक चाक निसटले की सारे फिरणे तेच खाऊन टाकते. कॅनडात २००७ साली निघालेल्या 'स्पायडर' या तिचाकीत चाक घसरताच यंत्रच इंजिनाचा जोर कमी करते.

आमच्या रिक्षात कुठले यंत्र! रिक्षावाला म्हणाला, "रेस वाढवून उपयोग नाही. आजी, जरा डावीकडं सरका. सर, तुम्हीपण. चाकावर वजन पडू द्या."

दरी डावीकडेच होती! आई निमूट सरकली, मग मीही. त्याने रेस कमी केली. चाकाने जमीन धरली.

घरी बारावीत घसरलेला मुलगा होता. दोन महिने मी त्याच्यावर आवाजच चढवत होतो. परतल्यावर काही न बोलता त्याच्याजवळ सरकून बसलो.