बीपी एकटं येत नाही!

परवा टर्म इन्शुरन्सच्या मेडिकलला गेलो. वय अठ्ठावीस, अंगकाठी सडपातळ, त्यामुळे जाम कॉन्फिडन्ट! दंडाचा पट्टा सैल झाला आणि आकडा आला १४६/९४. 'मशीन बिघडलंय,' म्हटलं. आठवडाभर पुन्हा पुन्हा मोजलं. मशीन ठीक होतं.

आमच्या डॉक्टरांनी गोळीआधी टेप काढली. कंबर ९२ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषांची लक्ष्मणरेषा ९०, बायकांची ८०. म्हणाले, "बीपीसोबत बऱ्याचदा इन्सुलिन रेझिस्टन्स असतो रे." म्हणजे इन्सुलिन दार ठोठावतंय, पेशी उघडत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. ते किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं. रक्तवाहिन्या सैल करायचं त्याचं काम मात्र मंदावतं. हळूहळू रबरी नळीचा पीव्हीसी पाइप होतो. पाइप कडक, की बीपी अजून वर!

"पण मी तर बारीक आहे?" त्यावर त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा किस्सा सांगितला. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

सो दोस्तांनो, नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. बीपी मोजाल तेव्हा कंबर आणि उपाशीपोटीची शुगरही मोजा. मी? लिफ्ट सोडलीये, फरसाणाचा डबा आईच्या ताब्यात दिलाय. पुढचं रीडिंग पंधरा दिवसांनी. धाकधूक आहेच.