सासूबाईंनाही विचारा

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून चाळलेल्या वंशावळींत मला पुत्रांची नावे सापडली. बाळंतपणांची हकीकत नाही. आमच्या जबलपुरात हीच उणीव आज गर्भवतीच्या जिवावर बेतू शकते. २०१८-२० मध्ये मध्य प्रदेशात लाख जिवंत जन्मांमागे १७३ मातामृत्यू झाले, देशात ९७. त्यांमागील एक प्रमुख कारण, प्रीएक्लॅम्प्सिया हा गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार, अंशतः आनुवंशिक आहे. आई-बहिणीला तो झाला असेल तर धोका वाढतो. २०१७ मध्ये गर्भाच्या जनुकांतही दुवा आढळला. आणि ती निम्मी पित्याकडची. सुनेला एकटीला दोष देणे म्हणूनच अन्यायाचे. नोंदणीच्या दिवशीच दोन्ही घराण्यांतील बाळंतपणांची माहिती लिहून घ्यावी. जोखीम सोळाव्या आठवड्यापूर्वी कळल्यास डॉक्टर अ‍ॅस्पिरिनची अल्प मात्रा सुरू करू शकतात. प्रशासनात मी शिकलो ते हेच: ज्याला रकाना नाही, त्याची दखल नाही.