वयाची अट गेली, रांग तशीच

मृत दात्याच्या अवयवासाठी नोंदणी करण्याची 65 वर्षांची कमाल वयोमर्यादा केंद्र सरकारने फेब्रुवारी 2023 मध्ये रद्द केली. निर्णय न्याय्यच होता. प्रत्यारोपणाची पात्रता जन्मतारखेवरून ठरू नये, प्रकृतीवरून ठरावी. परंतु देशात दर दहा लाख लोकसंख्येमागे मरणोत्तर अवयवदाता एकही भरत नाही. अशा टंचाईत ज्येष्ठाला मिळालेले मूत्रपिंड तरुणाच्या वाट्याचे होते, हा सल उरतोच. युरोपातील काही देशांत 1999 पासून 65 वर्षांवरील दात्यांची मूत्रपिंडे त्याच वयोगटातील रुग्णांना दिली जातात. भारतानेही हा मार्ग स्वीकारावा. त्यासाठी मेंदूमृत ज्येष्ठाच्या नातेवाइकांनाही रुग्णालयांनी अवयवदानाविषयी आवर्जून विचारले पाहिजे. ज्येष्ठ दाते वाढले, तर ज्येष्ठांच्या हक्काचा भार तरुण रुग्णांवर पडणार नाही.