जमिनीऐवजी शेअर

फिलिपिन्सच्या तारलाक प्रांतातली ‘हासिएंदा लुइसिता’ ही सुमारे ६,४०० हेक्टरांची उसाची जहागीर. १९५८ मध्ये ती तबाकलेरा या स्पॅनिश कंपनीकडून कोहुआंग्को घराण्याकडे आली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या विमा निधीने कर्ज दिले, परदेशी कर्जाला मध्यवर्ती बँक उभी राहिली आणि जमीन पुढे लहान शेतकऱ्यांना द्यायची, अशी अट पडली. अट कागदावरच राहिली. १९८५ मध्ये सरकारच्या दाव्यावर मनिलाच्या न्यायालयाने ती पाळायला लावणारा निकाल दिला. पण पुढच्याच वर्षी याच घराण्यातल्या कोराझोन अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि १९८८ मध्ये खुद्द सरकारनेच दावा मागे घेतला.

त्याच वर्षी जमीन सुधारणा कायदा आला आणि त्यात एक पळवाट होती: जमिनीऐवजी कंपनीचे शेअर देता येतील. १९८९ मध्ये लुइसिताने तीच धरली. ४,९१५ हेक्टर शेतजमिनीची किंमत १९.६६ कोटी पेसो लावली गेली. मात्र कंपनीची एकूण मालमत्ता ५९ कोटींवर दाखवली गेल्याने जमिनीचा, म्हणजे मजुरांचा, वाटा ३३.३ टक्के भरला. सगळी जमीन त्यांच्या नावाने मोजली आणि सत्ता दोन तृतीयांशवाल्यांच्या हाती ठेवली. शिवाय हे शेअरही तीस वर्षांत हप्त्याहप्त्याने, प्रत्येकाने भरलेल्या हजेरीच्या प्रमाणात मिळणार होते. हजेरी किती द्यायची हे ठरवणार कंपनी! काम कमी झाले की मजुरी घटायची आणि त्याबरोबर मालकीही. तेव्हा हे सगळे कायदेशीर मानले गेले, हे जास्त भयंकर.

नोव्हेंबर २००४ मध्ये लुइसिताच्या संपकरी मजुरांवर गोळीबार झाला, सात जण मेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअरऐवजी जमीनच वाटण्याचा आदेश कायम केला. २०१३ मध्ये सोडतीच्या ड्रममधून चिठ्ठ्या निघाल्या. माणशी वाट्याला आले ०.६६ हेक्टर, दीड-पावणेदोन एकर.

आपल्याकडेही जमीनमालकाला प्रकल्पात ‘भागीदार’ करून घेण्याची भाषा रुजली आहे. ती सरसकट फसवी नसते. पण जमिनीचे मोल कोणी लावले, बाकीच्या मालमत्तेचे कोणी, आणि मतदानात आपण किती उरतो, हे सहीआधी विचारले पाहिजे. लुइसिताच्या मजुरांना ते निस्तरायला २३ वर्षे लागली.

आणि जमीन मिळाल्यावरही तिढा सुटलेला नाही. उसाला वर्ष लागते. तोवर बेणे, खत, ट्रॅक्टर आणि घरखर्च कोण उचलणार? पुरेसे कर्ज मिळत नाही, म्हणून अनेकांनी आपला तुकडा ‘आर्येंदो’ने, म्हणजे खंडाने, भांडवलवाल्याला दिला आणि तिथेच ते रोजाने ऊस तोडू लागले. कायद्याने अशा व्यवहारांवर बंधने आहेत, पण भूक हंगामाची वाट पाहत नाही. वाटपाच्या आदेशाबरोबर पहिल्या दोन पिकांचे भांडवल दिले असते, तर ही वेळ बऱ्याच जणांवर आली नसती.