ताडपत्री काट्यावर ठेवा

मे सरत आला की या सदरात ताडपत्री एकदा येतेच, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. यंदा घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण कशी तपासावी यावर लिहायचं ठरलं होतं. तो लेख आता पुढच्या आठवड्यात. कारण चार दिवसांपूर्वी लातूरच्या बाजूला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना आखाड्यांवर जे दिसलं, ते आधी सांगायला हवं. मळणी यंत्रं, आमच्याकडचे हडंबे, निळ्या कागदात डोक्यापासून चाकापर्यंत गुंडाळलेले. दोर आवळून बांधलेला, कडेनं माती ओढलेली, मातीवर दगड. मालकांनी किती काळजी घेतली आहे ते दिसत होतं आणि म्हणूनच जीव तुटला.

एक आखाडा नात्यातलाच होता, म्हणून थांबलो. चुलतभाऊ अभिमानानं म्हणाला, “दादा, थेंब जायला जागा ठेवली नाही बघा.” मी म्हटलं, “आतला थेंब बाहेर यायला ठेवलीस का?” त्याला कळेना. मग दोघांनी मिळून एक बाजू सोडली. आदल्या आठवड्यात वळीव पडून गेला होता, नंतर कडक ऊन. बाहेरून कागद खडखडीत कोरडा. आतल्या अंगाला मात्र सकाळच्या वेळी थेंबच थेंब लटकलेले, आणि पुलीवर, चाळणीच्या कडेला, बेअरिंगच्या घरावर ताजा तांबूस गंज. तो बराच वेळ काही बोलला नाही. काही लाखांचं यंत्र, हप्ते अजून चालू.

गरम भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की आतून पाणी सुटतं, तेच इथं होतं. पावसानं भिजलेली जमीन दिवसा तापते, तिच्यातली वाफ वर येते. कागद जमिनीपर्यंत बांधलेला, तेव्हा ती जाणार कुठे? रात्री कागद गार पडतो, वाफ त्याला धरते आणि थेंब होऊन लोखंडावर पडते. पाऊस निदान कधी तरी थांबतो. हे आतलं पाणी रोज रात्री नव्यानं तयार होतं. विजेच्या मोटारीचं तर याहून वाईट. वाइंडिंगमध्ये ओल शिरली, की पहिल्यांदा बटण दाबताच ती जळू शकते, आणि वायरमनही म्हणतो, “व्होल्टेजनं गेली.”

उपाय पैशाचा नाही. यंत्राखाली फरशा किंवा लाकडी ओंडके टाका. वर एक आडवा बांबू बांधून आढं करा, म्हणजे ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरती राहील आणि लोखंडाला चिकटणार नाही. खालची कड जमिनीपासून हातभर वर राहू द्या, वारा फिरला पाहिजे. जिथं पत्र्याचा कोपरा टोचतो तिथं जुन्या टायरचा तुकडा घाला, कारण ताडपत्री मधे क्वचित फाटते, फाटते ती कोपऱ्यावर घासून. दोराऐवजी ट्यूबच्या पट्ट्या वापरा. वाऱ्याचा झटका आला की रबर ताणतं आणि परत येतं, कड्या उपटत नाहीत. आणि ताडपत्रीला पोट पडू देऊ नका. मीटरभर लांब, मीटरभर रुंद खोलगटात सरासरी दहा सेंटीमीटर पाणी साचलं, तर ते शंभर लिटर, म्हणजे शंभर किलोचं ओझं होतं. मग बांबू मोडतो आणि दोष कापडाला जातो.

शहरातल्या वाचकांनी हे आपलं नाही म्हणून पान उलटू नये. सोसायटीच्या आवारात स्कूटरवर ओल्या अंगानंच खोळ चढवणारे पुष्कळ आहेत. आधी गाडी पुसा, वाळू द्या. धुळीवर खोळ ओढली की रंगावर ओरखडे येतात, आणि गाडी आल्या आल्या घातली तर तापलेल्या सायलेन्सरला ती चिकटते.

आता बाजार. ताडपत्रीचे मुख्य प्रकार चार. सुती कॅनव्हास मेणवलेलं असतं. ते भिजलं की धागे फुगून वीण घट्ट होते, तरी थोडा वारा आतबाहेर होतो, पण ते जड असतं आणि ओलं घडी केलं तर बुरशीनं कुजतं. विणलेली एचडीपीई, दोन्ही बाजूंनी पातळ थर दिलेली, म्हणजे आपली नेहमीची निळी-पिवळी. न विणलेला साधा प्लास्टिक कागद, जो एकदा चिरला की चिरतच जातो. आणि पीव्हीसीचा थर दिलेलं जाड कापड, ट्रकवाल्यांचं, महाग पण वर्षानुवर्षं टिकणारं. यंत्रावर कायमची घालायची असेल तर कॅनव्हास किंवा ट्रकवाल्यांचं घ्या. धान्यावर धावपळीनं टाकायची असेल तर एचडीपीई बरी, एकटी बाईही ती ओढू शकते.

चीड येते ती या निळ्या-पिवळीच्या विक्रीची. दुकानदार सांगतो, “चारशेची आहे, डोळे झाकून न्या.” चारशे काय? मायक्रॉन की जीएसएम? मायक्रॉन म्हणजे जाडी, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. विणलेल्या कापडात धाग्यावर धागा येतो तिथं जाडी जास्त भरते, म्हणून सोयीचा आकडा सांगता येतो. वजन मात्र कुणाला फुगवता येत नाही. अशा ताडपत्र्यांसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे. पण आठवडी बाजारात घडीवर कंपनीचं नाव, जीएसएम, बनवल्याचा महिना यांपैकी एकही गोष्ट छापलेली नसते.

म्हणून माझं सांगणं, ताडपत्री काट्यावर ठेवा. पंधरा बाय अठरा फुटांची ताडपत्री म्हणजे साधारण पंचवीस चौरस मीटर. ती खरंच अडीचशे जीएसएमची असेल, तर तिचं वजन सव्वासहा किलोच्या आसपास भरलंच पाहिजे. काट्यानं चार किलो दाखवलं, तर ती एकशे साठची आहे, दुकानदार काहीही म्हणो. मापही टेपनं घ्या. कापताना पंधरा बाय अठरा असलेलं कापड कडा दुमडून शिवल्यावर कमी भरतं, आणि पैसे कापतानाच्या मापाचे घेतले जातात. परवा एका दुकानात मी हे म्हणालो तर मालक हसला, “वजनावर कोण घेतं?” शेजारी उभी असलेली एक बाई त्याला म्हणाली, “आमची तूर तुम्ही ग्रॅमवर घेता, मग तुमचा कागद आम्ही का नको?” काटा आला.

ताडपत्रीचा खरा शत्रू ऊन आहे. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, कापड कडक होतं, हात फिरवला की भुकटी निघते, आणि मग पहिल्या वादळात चिंध्या होतात. त्या चिंध्या शेतात मिसळतात, बैल-म्हशींच्या पोटात जातात. कारखान्यात अतिनील किरणांना रोखणारं द्रव्य घातलंय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लेखी हमी आणि पावती मागा. काळ्या रंगातली काजळी स्वतःच ऊन अडवते, त्यामुळे काळी जास्त टिकते, पण ती तापतेही जास्त. यंत्रावर चालेल, कांद्यावर नको. काम नसलेल्या दिवसांत ताडपत्री उन्हात पडू न देणं, हीच तिची सगळ्यात स्वस्त निगा.

आणि घ्यायची तर वेळेत घ्या. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच तिथं येऊन थडकला. शेतात काढून ठेवलेला कांदा त्या महिन्यात किती भिजला, हे नाशिककडच्या वाचकांना सांगायला नको. अनेक जिल्हा परिषदा सेस फंडातून अनुदानावर ताडपत्री देतात, तिच्या अर्जाची चौकशी पंचायत समितीत आधीच करून ठेवावी. मृग लागल्यावर तिथं जाऊन उपयोग नसतो.

त्याच आखाड्यावर बांधाच्या कडेला कडब्याची गंज उभी होती, आणि तिच्याकडे पाहता पाहता मी यंत्र विसरलो. कोणी वळई म्हणतात, कोणी आणखी काही. ती जुन्या माणसानं रचली होती हे लांबूनच कळत होतं. तिच्यावर प्लास्टिकचा तुकडाही नव्हता आणि वळवाच्या दोन सरी तिच्यावरून गेल्या होत्या. मी हात घालून आतली पेंढी ओढली. कोरडी, वास गोड, पान हिरवट.

ही गंज रचणं म्हणजे विचार करून केलेलं बांधकाम आहे. जागा उंचवट्याची. खाली दगड आणि त्यावर तुराट्यांचा थर, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. पेंढ्या लावताना बुडखे बाहेर, शेंडे आत, आणि मधला भाग सतत कडेपेक्षा उंच ठेवायचा. त्यामुळे प्रत्येक पेंढीला बाहेरच्या बाजूला उतार मिळतो. पडलेलं पाणी ताटावरून घसरतं, पुढच्या ताटावर पडतं, असं करत कडेनं खाली उतरतं. वर निमुळती करत आणायची, शेवटी गवत किंवा पाचट अंथरून दोराला दगड बांधून सोडायचे. ती पाण्याशी भांडत नाही, त्याला वाट करून देते, आणि ताटांच्या फटींतून वारा फिरत राहतो.

हीच समज नसल्यानं आता कडबा कसाही टाकून वर कागद ओढतात आणि पौषात आतून काळा, बुरसटलेला चारा निघतो. जनावर तो हुंगून तोंड फिरवतं. ऑक्टोबरमधल्या सोयाबीनच्या ढिगाचंही तसंच. परतीचा पाऊस येणार म्हणून ओलं सोयाबीन झाकून ठेवतात, ढीग आतून तापतो, दाणा डागाळतो. मग हमीभावाच्या केंद्रावर बारा टक्के ओलाव्याची अट आडवी येते आणि माल व्यापाऱ्याच्या दारात जातो. ढिगाखाली तुराट्या, मधे उभा बांबू, वर उतार आणि पाऊस थांबताच कागद बाजूला, एवढं केलं तर कितीतरी माल वाचेल. हे गंजीनं शिकवलेलंच आहे.

ती गंज रचणारे आजोबा चुलतभावाच्या सासुरवाडीचे. आता गुडघे साथ देत नाहीत, खाली बाजेवर बसून सांगतात आणि पोरं वर चढतात. मी त्यांना विचारलं, “मामा, यंदा कुणी शिकलं का?” ते म्हणाले, “थोरला नातू. पण तो मधे खड्डा पाडतो. दोनदा उतरवून लावायला लावली.” हे ऐकून मला फार बरं वाटलं. ज्यांना गंज लावता येते अशा वाचकांना माझी विनंती आहे, फेब्रुवारी-मार्चात ज्वारी निघाली की घरातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला वर चढवा. खालून पेंढ्या देणारे हात गावात पुष्कळ आहेत. वर उभं राहून मधला भाग उंच ठेवणारा माणूस आता दोन-तीन गावांत मिळून एखादा उरला आहे.